एका टेबलावरची चार कामे

सकाळच्या उजेडात या टेबलावर एक जुने पुस्तक उघडे ठेवले आहे. त्याची शिवण उसवली आहे आणि कण्यावरचे कापड सुटून आले आहे. मोडकळीला आलेली पुस्तके पुन्हा बांधणे हे बाईंचे पहिले काम. दुपारी याच टेबलावर त्या अहवालांचे अनुवाद करतात, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी याच टेबलाभोवती बांधणी शिकणारी मुले बसतात, आणि सुटीच्या दिवशी एका वाचनालयाची फाटकी पुस्तके त्या मोबदला न घेता दुरुस्त करतात.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा माणसांना वर्षानुवर्षे ऐकवली जाते. ती अन्यायाची आहे, असे हे चित्रण करताना आम्हाला पुन्हा पुन्हा वाटले. फाटक्या पानाच्या कडा जुळवताना बाईंच्या बोटांत जो धीर दिसतो, तोच एखाद्या अवघड वाक्यापाशी थांबलेल्या त्यांच्या लेखणीतही दिसतो.

व्यवस्थापनाचे अभ्यासक चार्ल्स हँडी यांनी १९८९ साली अनेक कामांच्या अशा आयुष्याला ‘पोर्टफोलिओ’, म्हणजे वेगवेगळ्या कामांचा संच, हा शब्द वापरला. तेलकंपनीतली नोकरी आणि पुढे अध्यापन करून ते स्वतंत्र लेखनाकडे वळले होते. पगाराचे काम, मानधनाचे काम, घरचे काम, समाजासाठी विनामोबदला केलेले काम आणि अभ्यास अशी पाच प्रकारची कामे त्यांनी मांडली. ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या तिन्ही प्रकारांना त्यांनी बरोबरीने ‘काम’ म्हटले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आता हातांकडे पाहावे. जुना दोरा कापून एकेक जुज, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा, वेगळा केला जातो, कण्यावरचा वाळका सरस ओलसर करून खरवडला जातो, विरलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवली जाते, आणि मग सगळे जुज वजनाखाली ठेवले जातात. खळ वाळायला वेळ लागतो, आणि घाई केली तर कागद सुरकुततो. अनुवाद बसतो तो नेमका याच वेळात. एका कामाचे थांबणे ही दुसऱ्या कामाची जागा होते.

उठण्यापूर्वी बाई एक चिठ्ठी लिहितात: ‘चौथ्या जुजापासून शिवण.’ अर्धवट सोडलेले काम मनात रेंगाळते आणि पुढच्या कामातले लक्ष खाते, हे कामातल्या लक्षाचा अभ्यास करणाऱ्या सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. परत आल्यावर कुठून सुरुवात करायची हे आधीच टिपून ठेवले, तर ते रेंगाळणे कमी होते, असे त्यांच्या पुढील अभ्यासातून दिसले. बाईंनी हे संशोधन वाचलेले नाही. चिठ्ठीची सवय त्यांना टेबलानेच लावली.

अशा आयुष्यात मिळकत दर महिन्याला सारखी नसते, आजारपणात पगारी रजा नसते आणि म्हातारपणाची तरतूद ज्याची त्यालाच करावी लागते.

संध्याकाळी वजन उचलले जाते. पाने सपाट बसली आहेत. दाराशी मुलांची पावले वाजतात. बाई अनुवादाचे कागद एका बाजूला सारतात, त्यांच्यावर नवी चिठ्ठी ठेवतात आणि सुईत दोरा ओवतात.