किवी कोणी कोणाला म्हणावं?

नमस्कार मंडळी,

इथं न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आपली नातवंडं 'आम्ही किवी', म्हणजे न्यूझीलंडचे, म्हणतात, तेव्हा भारतातून आलेले आजी-आजोबा बुचकळ्यात पडतात. पुष्कळांना वाटतं, हे नाव फळावरून पडलं. तसं नाही. ते फळ मूळचं चीनचं. 'चायनीज गूजबेरी' म्हणून विकलं जायचं, १९५९ मध्ये निर्यातीसाठी त्याचं 'किवीफ्रूट' झालं. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून किवी आहेत.

नाव आलं किवी पक्ष्यावरून, आणि पक्ष्याचं नाव इथल्या मूळच्या माओरी लोकांचं. त्याचा प्रसार व्हायला एका बूटपॉलिशचाही हातभार लागला. विल्यम रॅमसे यांनी ते १९०६ मध्ये मेलबर्नला काढलं. त्यांच्या पत्नीचं माहेर न्यूझीलंडमधलं ओमारू, म्हणून डबीवर किवी आला. पहिल्या महायुद्धात या डब्या सैनिकांच्या हाती गेल्या आणि त्याच युद्धात न्यूझीलंडच्या शिपायांना 'किवी' म्हणायची पद्धत रुळली.

युद्ध संपलं, पण जहाजांअभावी ही मुलं इंग्लंडमध्येच अडकून पडली. छावणीत दंगलही झाली. मग १९१९ मध्ये अधिकाऱ्यांनी त्यांना कामाला लावलं. बुलफर्डच्या टेकडीवरचं गवत-माती खरवडून त्यांनी खालच्या पांढऱ्या खडूत किवी कोरला, सव्वाशे मीटरहून लांब. तो आजही आहे. घरी जायला आसुसलेल्या पोरांनी परक्या मुलखात आपली खूण म्हणून हाच पक्षी काढला, हे मला फार मोलाचं वाटतं. तेव्हापासून हे नाव त्यांचं स्वतःचं आहे.

म्हणूनच ते बिनदिक्कत वापरा. इंग्रज सहकाऱ्याला 'पॉम' (इंग्रजांना चिडवायचं नाव) म्हणणं मात्र वेगळं. जुन्या दोस्तीत ते चालतं, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो शब्द नको. 'घाटी' हा शब्द मुंबईत कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्याच घोळक्यात तो हसण्यावारी जातो, दुसऱ्याच्या तोंडून झोंबतो.

राहता राहिली मुलं. ती 'आम्ही किवी' म्हणाली की 'नाही रे, तू मराठी' असं म्हणून त्यांना अडवू नका. माओरी पक्ष्याचं नाव गोऱ्या शिपायांनीही आपलं मानलं, मग आपल्या पोरांनी का मानू नये? घरी मराठी बोलायला त्यानं कसलीच आडकाठी येत नाही.