आवाजातून उभा राहणारा थर

[दृश्य : अरबी समुद्रात संथ चालणारं सर्वेक्षण जहाज]

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आहे. त्याच्या तळाखालचा, ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचा, खडकांचा मोठा उंचवटा १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजाने नोंदवलेल्या प्रतिध्वनींतून कळला. ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या जहाजाला तिथे तेल लागलं १९७४ साली.

तळाखालचे खडकांचे थर शोधताना आजचं जहाज साधारण दर २५ मीटरला एअर गनमधून दाबलेली हवा सोडतं. मागे कित्येक किलोमीटर लांब केबल तरंगत असते, स्ट्रीमर. तिच्यातले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, दर दोन मिलिसेकंदांनी पाण्यातला दाब टिपतात. खडकाची घनता किंवा त्यातला आवाजाचा वेग बदलला, की आवाजाचा काही भाग तिथून परततो.

उथळ पाणी मात्र फार छळतं. आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आपटत राहतो; ७५ मीटर पाण्यात दर दशांश सेकंदाला एक खोटा प्रतिध्वनी. तो गणिताने काढला नाही, तर एका थराखाली तसेच चार थर रांगेने दिसतात.

[दृश्य : पडद्यावर प्रतिध्वनींतून उभा केलेला तळाखालचा छेद, त्यावर सरकणारी रंगीत रेघ]

आता थर ‘पिक’ करायचा, म्हणजे छेदावर त्याच्या लाटेवरून रेघ ओढायची. सुरुवात खोदलेल्या तेलविहिरीपासून, कारण तिथला खडक माहीत असतो. पुढे संगणक लाट धरून चालतो आणि प्रस्तरभंग, म्हणजे थर तुटून सरकलेली जागा, आला की खुशाल शेजारच्या लाटेवर जातो. ३० हर्ट्झला ही चूक ३३ मिलिसेकंदांची. खडकातला आवाजाचा वेग सेकंदाला २४०० मीटर धरला, तर ४० मीटरची, कारण वेळ जाण्या-येण्याचा असतो. म्हणून छेदांवरून फेरी मारून पुन्हा त्याच विहिरीपाशी यायचं. रेघ जुळली नाही, तर वाटेत कुठेतरी लाट सुटली आहे.

एवढं करून हाती येतो तो वेळ. जाऊन-येऊन १.२ सेकंद, सरासरी वेग २४०० मीटर, म्हणजे खोली १४४० मीटर. वेग पाच टक्के चुकला, की ७२ मीटरचा फरक. त्याहून फसवी गोष्ट अशी : वर कुठे वेगवान चुनखडीचा जाड पट्टा असेल, तर त्याखालचा सपाट थरही वेळेच्या नकाशावर फुगलेला दिसतो. विहिरीत हायड्रोफोन किंवा जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारं यंत्र) सोडून खरा वेग मोजला, की ही सूज बरीचशी उतरते.

शेवटी जहाज ज्या रेषांवरून गेलं त्यांच्यामधली जागा संगणक भरतो, आणि कधीकधी आपल्या मनचे उंचवटेही घालतो. नकाशावर मूळ रेषा ठेवून पाहा. एखादा उंचवटा एकाही रेषेखाली येत नसेल, तर आधी तिथे आणखी एक रेषा चालवा; विहिरीचं नंतर.