पाटणची गाडी आणि डॉक्टरांची वेळ

(सातारा जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित रूप)

जय हिंद मंडळी. विषय दिलाय ‘ईसीएचएसमध्ये डॉक्टरांची अपॉइंटमेंट कशी सुधारावी’ आणि वेळ दिलीय वीस मिनिटं. त्यातली बरीचशी सत्कारातच गेली. नारळ मात्र चांगला दिसतोय.

ईसीएचएस म्हणजे आपली माजी सैनिकांची आरोग्य योजना, हे या हॉलमध्ये सांगायला नको. १ एप्रिल २००३ ला योजना सुरू झाली, तेव्हा वर्गणी भरताना कुरकुरणारे आज पुढच्या खुर्च्यांवर बसलेत. त्यांच्याच गुडघ्यांचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालंय. हसू नका, नाव घेतलेलं नाही. योजना चांगली आहे हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी तक्रारच करणार आहे.

या योजनेचा एक दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक आहे. कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथूनच शुगरच्या गोळ्या घ्यायच्यात. डॉक्टर नऊला बसायचे, टोकन आठला मिळायचं, आणि पायऱ्यांवर उजाडायच्या आत फायली लागायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. माणसं समोरच्या टपरीवर चहा पीत बसायची, रांगेत दगड उभे. ऑनररी कॅप्टनसाहेबांचा दगड शिपायाच्या दगडामागे. दगडाला रँक नसते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

एक दिवस सफाईच्या मावशींनी पायऱ्या धुवायला काढल्या. त्यांनी सगळ्या फायली उचलल्या, गठ्ठा केला आणि खिडकीत ठेवून दिला. झालं! एकाहत्तरला सीमेवर जेवढा आवाज चढला नसेल तेवढा त्या व्हरांड्यात चढला. “माझा काळा दगड होता!” “काळे चार होते!” दोन सुभेदारसाहेब एकमेकांची सर्व्हिस काढायला लागले. शेवटी एक रिटायर्ड हवालदार मेजर, ज्यांनी आयुष्यभर रंगरूट घडवले, त्यांनी छाती भरून आवाज दिला, “लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाईन में खडे हो!” आणि मंडळी, काठ्या टेकत टेकत सगळे खरंच उंचीप्रमाणे उभे राहिले. सवय हो! पेन्शन सुरू झाली म्हणून सवय जात नाही. माझी बायको म्हणते, हा माणूस भाजीच्या पिशव्यासुद्धा उंचीनुसार लावतो.

आता यातली गंमत संपते. उंचीने सगळ्यात लहान होत्या एक वीरनारी, म्हणजे शहीद जवानाची पत्नी. पाटणकडच्या गावाहून पहिल्या एसटीने आलेल्या. त्यांचा नंबर शेवटी लागला. काम काय, तर बीपीच्या त्याच गोळ्या पुढे चालू. डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. औषधाच्या खिडकीवर गेल्या, तर तीनपैकी एक गोळी ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही. हा शिक्का तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. “आठवड्याने या.” म्हणजे परत पहिली एसटी, परत पायरी, परत दगड. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, मला डॉक्टर कशाला पाहिजे? मला गोळी पाहिजे.” सगळं व्याख्यान त्यांनीच केलं, मी फक्त...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळतो.

१९५२ साली इंग्लंडमध्ये बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ओपीडीतल्या रांगांचा हिशोब मांडला. बेली आणि त्याचा सहकारी वेल्च यांचा नियम साधा आहे : सुरुवातीला दोघांना बोलवा, नंतर एका तपासणीला सरासरी जेवढी मिनिटं लागतात तेवढ्या अंतराने एकेकाला. सुरुवातीला दोघं कशाला? पहिला आलाच नाही तर डॉक्टर रिकामे बसू नयेत म्हणून. आपण काय करतो? डॉक्टर रिकामे बसू नयेत म्हणून अख्खी पलटण आठला बोलावतो.

माझं म्हणणं एवढंच, की टोकनवर नंबर नको, वेळ लिहा. आणि ती वेळ एसटी बघून लिहा. कार्डावर पत्ता असतोच. पाटणची गाडी पोचते त्यानंतरची वेळ पाटणकरांना, इथल्या जवळच्या गोडोलीचा माणूस सकाळी लवकर किंवा अगदी शेवटी. त्याच गोळ्या चालू असणाऱ्यांची खिडकी वेगळी करा, आणि औषध आलंय का ते निघायच्या आधी फोनवर कळू द्या. नातवाने मोबाईलवरून लावलेला नंबरही चालेल, पण फोन नसलेल्याची वेळ राखून. ॲप काढलं आणि सकाळी उघडताच भरलं, तर ते मोबाईलमधले दगडच.

आणखी एक, हे महत्त्वाचं. अमेरिकेत माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं आहेत. पहिली अपॉइंटमेंट १४ दिवसांत द्या, असं टार्गेट होतं. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या अशा हॉस्पिटलची चौकशी झाली. नमुन्यादाखल घेतलेल्या २२६ माजी सैनिकांची वाट बघण्याची कागदावरची सरासरी २४ दिवस, खरी ११५. शिवाय १,७०० जण वाट बघत होते, पण अधिकृत यादीत त्यांचं नावच नव्हतं. खात्याचे प्रमुख जनरल शिन्सेकी, स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले, त्यांना ३० मेला राजीनामा द्यावा लागला. आकड्यावर शाबासकी मिळणार असेल, तर आकडा कसा सुंदर करायचा हे कुठल्याही देशातल्या क्लार्कला शिकवावं लागत नाही. मी क्लार्कच होतो.

म्हणून वेळ क्लार्कने लिहायची नाही, पेशंटने लिहायची. किती वाजता आलो, डॉक्टरांच्या दारात किती वाजता पोचलो, औषध कधी मिळालं. चिठ्ठी औषधाच्या खिडकीवर टाकायची, महिन्याने फळ्यावर लावायची. सुरुवात उद्यापासून करता येईल, दिल्लीची परवानगी लागत नाही. बॉलपेन संघटनेने द्यावेत अशी माझी सूचना आहे. खजिनदार मान हलवतायत, पण हो म्हणतायत की नाही म्हणतायत, ते मोतीबिंदूमुळे मला इथून दिसत नाही.