सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे: फोन घेताना

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वर्षातले काही महिने मुलांकडे परदेशी राहणाऱ्यांनी फोन कसा निवडावा, हे आज बघू. मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, मुलाने अमेरिकेहून आयफोन पाठवलाय, त्यात आपलं सिमकार्ड घालायला जागाच सापडत नाही, फोन खराब निघाला का? नाही काकू, फोन उत्तम आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ पासून, म्हणजे आयफोन १४ पासून, सिमचा ट्रेच नसतो. तिथे सगळा कारभार ई-सिमचा, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या सिमचा. तोच आयफोन १४ तुम्ही लक्ष्मी रोडवर घेतलात तर त्यात एक ट्रे आणि शिवाय ई-सिम मिळतं. तोच चीनमध्ये घेतलात तर दोन कार्डं बसतात. खोक्यावरचं नाव एक आणि आतले फोन तीन. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या गूगलच्या पिक्सेल १० चाही ट्रे गेला.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दुकानात किंवा मुलाशी बोलताना फोनचं नाव सांगून थांबू नका, मॉडेल नंबर विचारा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलात की मॉडेल नंबर दिसतो. त्यावर एकदा बोट ठेवलं की इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होणारा खरा नंबर येतो. बाकीच्या फोनमध्ये तो 'अबाउट फोन'मध्ये असतो. हा फोन कोणत्या देशासाठी बनवलाय, हे त्या नंबरवरून कळतं.

आता ट्रे असला काय नि नसला काय, एवढं काय बिघडतं? बिघडतं. तुम्ही न्यू जर्सीला लेकीकडे गेलात तरी तुमचं पेन्शनचं खातं पुण्यातच राहतं. घराचा मेंटेनन्स, लाइटबिल, बँकेतल्या ठेवीचं नूतनीकरण, सगळ्याचा ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येतो. तो नंबर बंद पडला की माणूस स्वतःच्याच पैशांपासून तुटतो. आणि तिकडचा नंबर नसला तर साधं डॉक्टरच्या दवाखान्यातून फोन यायचा झाला तरी जावयाचा नंबर द्यावा लागतो. मला याचं फार वाटतं. ज्यांनी आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः केले, त्यांनी सत्तरीत परदेशी जाऊन फोनपायी परावलंबी व्हावं, हे काही बरोबर नाही. तेव्हा दोन्ही नंबर एकाच वेळी चालू ठेवणारा फोन ही आपली मुख्य गरज. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे नंतर बघू.

आता या दोन नंबरांची वाटणी. माझं मत असं, की भारतातला नंबर कार्डावर ठेवावा आणि अमेरिकेतला ई-सिमवर घ्यावा. उलटं करू नये. तिथल्या कंपन्या ई-सिम इंटरनेटवरून घरबसल्या देतात. आपला नंबर मात्र ई-सिमवर नेला की जुनं कार्ड मरतं, आणि तिकडे फोन पडला, फुटला, हरवला तर तो नंबर दुसऱ्या फोनवर आणण्यासाठी पुन्हा मेसेज, खातरजमा, कधी कंपनीच्या दुकानात हेलपाटा. ते दुकान तर इकडे. कार्ड असेल तर फुटक्या फोनमधून काढून नातवाच्या जुन्या फोनमध्ये घालता येतं, पाच मिनिटांत ओटीपी सुरू. काकूंना मी हेच सुचवीन, की मुलाचा आयफोन आनंदाने वापरा, पण आपला नंबर त्यात घालायचा असेल तर ई-सिमचं काम विमानात बसण्याच्या निदान पंधरवडाभर आधी इथेच उरका. नाहीतर इथला कार्डाचा फोनही बरोबर न्या आणि फक्त ओटीपीसाठी घरात ठेवा.

मात्र त्या फोनला तिकडची रेंज पकडता आली पाहिजे, आणि इथे खरी मेख आहे. तुम्हाला रेडिओ सिलोन आठवत असेल. रेडिओला शॉर्टवेव्हचा पट्टा नसला तर कितीही काटा फिरवा, सिलोन लागायचं नाही. मोबाइलचं तसंच आहे. हवेतल्या कोणत्या पट्ट्यांवर तो ऐकू शकतो, हे कारखान्यातच ठरतं. या पट्ट्यांना बँड म्हणतात. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना दिल्लीला आपल्या देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे आणि युरोपात जीएसएम, म्हणजे सिमकार्डाच्या पद्धतीचे, फोन ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झवर चालत आणि अमेरिकेत ८५० आणि १९०० वर. त्यात अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या सीडीएमए या वेगळ्याच पद्धतीच्या होत्या. २००३ साली आपल्याकडे रिलायन्सचे पाचशे एक रुपयांत मिळालेले फोन आठवतात ना? त्यांत सिम नव्हतं, नंबर फोनच्याच पोटात असायचा. तीच ती पद्धत. त्या काळी अमेरिकेला जाणारा माणूस 'ट्राय-बँड', म्हणजे तीन पट्ट्यांवर चालणारा, फोन शोधत फिरायचा.

आज सीडीएमए गेलं, ४जी सगळीकडे एकाच पद्धतीचं आलं, पण बँड काही एक झाले नाहीत. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) १, ३, ८ हे वापरतात. अमेरिकेत दूरवर आणि भिंतींच्या आत पोचणारे बँड वेगळे आहेत. तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एटी अँड टीचा १२, व्हेरायझनचा १३, टी-मोबाइलचे १२ आणि ७१, आणि शहरांतून २, ४, ६६. आपल्याकडे दहा-पंधरा हजारांत मिळणाऱ्या अनेक फोनमध्ये १, ३, ५, ८, ४०, ४१ असे भारतापुरतेच बँड दिलेले असतात. असा फोन तिथे मॉलमध्ये कदाचित रेंज दाखवेल आणि घराच्या तळघरात, हायवेवर गप्प बसेल. आयफोन, पिक्सेल, गॅलेक्सीची वरची मॉडेलं यांत बहुतेक बँड असतात, तरी ७१ आहे का ते बघाच. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची यादी असते. नातवाला सांगा, तो पाच मिनिटांत काढून देईल. युरोपात तुम्हाला इतका त्रास नाही. तिकडचे १, ३, ८ आपल्याकडेही आहेत, वर २० असला की उत्तम.

बँड जुळले म्हणजे काम झालं, असंही नाही. पूर्वी फोनला ४जीवर बोलता आलं नाही तर तो मुकाट्याने ३जीवर उतरायचा. आता उतरायला जागा उरलेली नाही. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केलं. सिंगापूरने तर २०१७ मध्येच २जी गुंडाळलं. जर्मनीने २०२१ मध्ये ३जी काढलं, पण २जी ठेवलं. त्यामुळे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बोलायचं तर फोनला ४जीवरूनच बोलता यायला हवं. याला व्होल्टी म्हणतात. हे फोनमध्ये नुसतं असून पुरत नाही, त्या त्या कंपनीने त्या मॉडेलसाठी ते चालू केलेलं असावं लागतं. ३जी बंद करताना एटी अँड टीने चालणाऱ्या फोनची यादीच काढली, आणि यादीबाहेरचे कित्येक फोन तांत्रिकदृष्ट्या धडधाकट असूनही बाहेर राहिले. ऑस्ट्रेलियात तर जो फोन ४जीवरून ०००, म्हणजे त्यांचा आणीबाणीचा नंबर, लावू शकत नाही, तो नेटवर्कवर घ्यायचाच नाही असा नियम आहे.

यातलं फसवं लक्षण नीट ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲप चालतं, नातवाचा फोटो येतो, व्हिडिओ कॉलही लागतो. आपण समजतो फोन ठीक आहे. आणि ज्या दिवशी छातीत कळ येते नि ९११, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर, फिरवायला जावं, त्या दिवशी कॉलच लागत नाही. म्हणून इथूनच *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, मुलाला पाठवा, आणि तो ज्या कंपनीचं सिम घेणार आहे तिच्या साइटवर हा फोन चालेल का ते त्याला तपासायला लावा. पोचल्यावर घरातल्या कुणाला तरी साधा कॉल लावून बघा, व्हॉट्सॲपवरून नव्हे.

मुलाने तिथून फोन आणायचाच ठरवला, तर तो अनलॉक आहे का हे विचारा. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते फिटेपर्यंत बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. कॅनडात २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून असे बांधलेले फोन विकायला बंदी आहे. आयफोनवर अबाउटमध्ये 'कॅरियर लॉक' अशी ओळ असते. तिच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर निर्धास्त. चार्जरची काळजी करू नका, हल्लीचे १०० ते २४० व्होल्ट घेतात, फक्त पिन वेगळी लागते.

एवढं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग घ्यायचा कुठला? ज्यांची बँक आणि पेन्शन इकडे आहे, त्यांनी फोन भारतातच घ्यावा असं मी ठामपणे सांगतो. एक कार्डाचा ट्रे, शिवाय ई-सिम, आणि अमेरिकेचे बँड, या तीन गोष्टी जुळल्या की त्यातला परवडेल तो घ्या. बिघडला तर दुरुस्तीही इथे होते. बहुतेक अँड्रॉइड फोनची वॉरंटी ज्या देशात घेतला तिथेच चालते.

निघण्याआधी आपल्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, आणि मुक्काम संपेपर्यंत पुरेल असा रिचार्ज मारा. सलग ९० दिवस वापर नसला तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि तो पुढे दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो. परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे साधारणपणे पडत नाहीत, पण आपल्या कंपनीला एकदा विचारा. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल.

(शेवटच्या रांगेतून प्रश्न आला: माझा साधा कीपॅडचा फोन नेला तर?)

नुसत्या २जीचा असेल तर अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला नेऊ नका, काका. जर्मनीत चालेल. इथे कपाटात जपून ठेवा. परत आल्यावर त्यात एअरटेल किंवा व्हीआयचं कार्ड लागेल. जिओचं लागणार नाही, त्यांनी पहिल्यापासून ४जीच उभारलं.