मातीची खोली आणि ज्वारीचा हिशोब

[काळ्या रानातल्या भेगा, जवळून]

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यात येते, तेव्हा भेगांमध्ये हात जातो. पेरणीनंतर पाऊस नसला तरी मालदांडी वाणाची ही ज्वारी उभी राहते, सप्टेंबरात मातीनं मुरवून ठेवलेल्या पाण्यावर.

ते पाणी किती आहे, आणि कणीस भरेपर्यंत पुरेल का? उत्पादनाचा अंदाज बांधणारं संगणकावरचं पीक मॉडेल इथूनच सुरू होतं.

[गिरमिट मातीत उतरताना]

पहिल्या फुटाची माती. दुसऱ्या फुटाची. तिसऱ्या. प्रत्येक थर वेगळ्या डबीत. ओली माती तोलायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवायची, पुन्हा तोलायची. वजनात पडलेला फरक म्हणजे त्या थरातलं पाणी. त्यातलंही सगळं मुळांच्या वाट्याला येत नाही. चिकणमाती काही घट्ट धरून ठेवते. भारी, म्हणजे खोल काळ्या जमिनीचा एक मीटर थर पिकाला साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी देऊ शकतो.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. मातीतली ओल हा त्यातला कळीचा मुद्दा.

[संगणकाचा पडदा]

मॉडेल एकेक दिवस पुढं सरकतं. आजचं ऊन, किमान आणि कमाल तापमान, पाऊस. पानं किती वाढली, पाणी किती उडालं, मातीत किती उरलं. उरलेल्या ओलीवर उद्याचा हिशोब. खोडमाशी, चिकटा अशी कीड-रोगराई यात आपोआप येत नाही, ती वेगळी धरावी लागते.

[बांधापलीकडचं शेत, गिरमिट अडकतं]

इथं फुटभरावरच मुरूम. पाऊस तोच, वाणही तोच. पण साठा पन्नास मिलिमीटरच्या आसपास, आणि भरात आलेली ज्वारी दिवसाला तीन-चार मिलिमीटर पिते. पंधरवड्यात ओल संपते, पीक पोटरीतच, कणीस बाहेर पडण्याआधीच अडतं. म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे खोलीप्रमाणे वाण सुचवलेत.

[मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र]

पाऊस मोजायला काही गावं मिळून होणाऱ्या महसूल मंडळांत केंद्रं उभी राहिली, हे चांगलंच झालं. आता प्रत्येक गट क्रमांकाच्या शेतातल्या मातीची खोलीही मोजून नोंदवायला हवी. तिच्याशिवाय मॉडेल या दोन्ही शेतांना एकच आकडा देईल.

[पीक कापणी प्रयोग, कणसं तोलताना]

पीक विम्याची भरपाई या प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मुरमाच्या रानातली घट त्या सरासरीत दिसत नाही.