देवळालीचे कापरेकर मास्तर

नाशिकजवळचं देवळाली. मिलिटरीचा कॅम्प, कोरडी छान हवा, आणि 1930 साली इथल्या शाळेत रुजू झालेले एक गणिताचे मास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1962 ला रिटायर झाले ते शाळामास्तर म्हणूनच. ना एमएस्सी, ना पीएचडी, साधे बीएस्सी. आणि आज जगात कुठेही आकड्यांच्या गमतीजमतींचं पुस्तक उघडलं तर त्यात यांचं नाव सापडायची बरीच शक्यता.

जन्म डहाणूचा, 17 जानेवारी 1905. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील क्लार्क, पण ज्योतिषाचा भारी नाद, आता पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, पोराला आकड्यांचं वेड तिथूनच लागलं म्हणतात. पुढे ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, तिथे 1927 ला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. एवढं असूनही पुढचं सगळं आयुष्य शाळेतल्या पोरांबरोबर गेलं.

शाळा सुटली की सायकल काढायची आणि या गावातून त्या गावात शिकवण्यांना जायचं. शिकवायची पद्धत अजिबात ठरलेली नाही, आणि नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करत राहणं हा आवडता उद्योग. दारुड्याला जशी दारू सुटत नाही तसं माझं आकड्यांचं आहे, असं ते स्वतःच सांगायचे. आता शाळामास्तरानं दारूचं उदाहरण द्यायचं, तेही त्या काळात! पण असा माणूस वर्गात आल्यावर पोरांना गणिताचा बाऊ वाटत राहणं जरा अवघडच.

आता कागद-पेन घ्या, खरंच घ्या, नुसतं बघून मजा नाही. त्यांचंच जन्मसाल घेऊ, 1905. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, 9510. मग उलटे, 0159. वजाबाकी करा, 9351 येतात. आता याचंही तेच करायचं, 9531 वजा 1359, उत्तर 8172. परत तेच. 7443, मग 3996, 6264, 4176 असं करत करत सातव्या वेळी येतं 6174. आणि आता 6174 चं करून बघा, 7641 वजा 1467, परत 6174च! इथून पुढे हलतच नाही. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथेच येऊन पोचता. हे त्यांना 1946 साली सापडलं, 1949 ला मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं.

यात लागतं काय? हातच्याची वजाबाकी. चौथी-पाचवीतल्या पोराला येते तेवढीच. मला विचाराल तर कापरेकरांची खरी गंमत इथेच आहे, त्यांचं बहुतेक गणित वर्गातल्या फळ्यावर मावतं. 45 चा वर्ग 2025, आता 20 अधिक 25 किती? 45! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, कारण ही कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनवर. त्या स्टेशनचं तेव्हाचं नाव डेम्लो. आणखी एका प्रकाराला चक्क देवळालीचं नाव देऊन टाकलं.

मोठ्या गणितज्ञांनी मात्र सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. हे काय, आकड्यांचे खेळ, अशीच भावना होती. मोठी जर्नल्स छापेनात, मग छोट्या नियतकालिकांत लिहायचं नाहीतर पदरमोड करून पुस्तिका काढायच्या. कॉलेजं त्यांना बोलवायची म्हणा, त्यांची भाषणं व्हायची, पण पोटापाण्याचं काय? रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना. 1966 ला पत्नी गेल्या, आणि त्यानंतर घर चालवायला मास्तर परत गणित आणि सायन्सच्या शिकवण्या घ्यायला लागले. साठी उलटलेली.

मार्च 1975 मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनरनं आपल्या गणिताच्या कोड्यांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगभरचे लोक 6174 करून बघायला लागले. सर तेव्हा सत्तरीचे. 1986 ला ते गेले.

आज कोडिंग शिकणाऱ्या पोरांना हा प्रॉब्लेम हमखास दिला जातो. लूप लावायचा, म्हणजे तेच काम परत परत करायला लावायचं, अंक सॉर्ट करायचे, वजाबाकी, 6174 आलं की थांब. नाशिकजवळच्या एका शाळामास्तराचा हा होमवर्क आहे हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पोरं खुशीत कोड रन करतात, मग कोणीतरी आगाऊपणा करून 1111 टाकतो, शून्य येतं, शून्यातून शून्य, शून्यातून शून्य, कोड काही थांबायचं नाव घेत नाही, आणि मग बसा परत अट टाकत.