साओला : जळवांना ठाऊक असलेलं जनावर

[दृश्य : धुक्यात बुडालेला डोंगर. ओला पालापाचोळा. बुटावर चढणारी जळू.]

या रानात शिरलेल्या माणसाला जनावर दिसत नाही. जळवांना मात्र माणूस लगेच सापडतो. पाऊल टेकलं की पाचोळ्यातून वर मान काढून त्या आपल्याच दिशेनं यायला लागतात.

व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरची ही अन्नामाइट पर्वतरांग. इथली सदाहरित जंगलं बहुतेक वेळ भिजलेलीच. निसरडे उतार, वेताची काटेरी जाळी, आणि दहा पावलांच्या पलीकडे नुसता हिरवा पडदा.

1992 साली व्हू क्वांगच्या जंगलात पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना शिकाऱ्यांच्या घरांत शिंगं दिसली. लांब, जवळजवळ सरळ, एकमेकांना समांतर. माहीत असलेल्या कुठल्याच प्राण्याशी ती जुळेनात. गावकऱ्यांकडे मात्र त्या प्राण्याला नाव होतं : साओला, म्हणजे चरख्याचे खांब. पुढं जगभर बातमी झाली, ‘नव्या प्राण्याचा शोध लागला’. नवा होता तो आपल्याला.

कुळ गाय-बैलांचं, अंगकाठी हरणासारखी, तोंडावर पांढरे पट्टे. जंगलात मोकळा फिरणारा साओला आजवर एकाही जीवशास्त्रज्ञानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. हाती आहेत ते कॅमेरा ट्रॅपचे मोजके फोटो. शेवटचा सप्टेंबर 2013 मधला, व्हिएतनामच्या क्वांग नाम प्रांतातला.

[दृश्य : झाडाला बांधलेला कॅमेरा. लेन्सवर पाण्याचे थेंब.]

समोरून ऊबदार अंगाचं काही हललं, की हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो. पण डोंगर अफाट आणि कॅमेऱ्याची नजर दोन-चार झाडांपुरती. मग संशोधक वळले थेट जळवांकडे. जळू ज्याचं रक्त पिते, त्याचा डीएनए तिच्या पोटात काही महिने टिकतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच डोंगरांतल्या फक्त 25 जळवा तपासल्या, आणि त्यांतल्या 21 जळवांत सस्तन प्राण्यांचा डीएनए निघाला. त्यात इथला पट्टेदार ससा होता, ट्रुऑंग सॉन भेकरही होतं. दोन्ही क्वचितच कुणाच्या नजरेला पडणारे. ज्या किड्याला शिव्या घालत संशोधक डोंगर चढतात, तोच त्यांचा खबऱ्या.

[दृश्य : वाकवलेली फांदी. तारेचा फास.]

आणि ही तार. मोटरसायकलच्या ब्रेकची केबल. रानात काटक्यांचं बुटकं कुंपण घालतात, मध्ये मध्ये फटी ठेवतात आणि प्रत्येक फटीत एक फासा. भेकर अडकतं, रानडुक्कर अडकतं, साळिंदर अडकतं. फासा निवड करत नाही. साओलाच हवा म्हणून इथं कुणी फासे लावत नाही. शहरांतल्या हॉटेलांत रानातल्या मटणाला गिऱ्हाईक आहे, म्हणून लावतात.

साओलासाठी राखलेल्या व्हिएतनाममधल्या दोन अभयारण्यांत गस्ती पथकांनी 2011 नंतरच्या दशकभरात एक लाखाहून जास्त फासे उपटले. फासे कमी झाले, संपले मात्र नाहीत. तार स्वस्त आहे, चालणं महाग.

साओला सापडला त्याच 1992 साली जीवशास्त्रज्ञ केंट रेडफर्ड यांनी अमेरिका खंडातल्या वर्षावनांविषयी लिहिताना ‘रिकामं जंगल’ असा शब्द वापरला होता. झाडं उभी, आकाशातून बघावं तर सगळं हिरवंगार, आणि खाली जनावर नाही. फळं झाडाखालीच कुजतात, कारण बिया दूर नेणारं कुणी उरत नाही. या डोंगरातून चालताना तो शब्द दर थोड्या वेळानं आठवतो.

[दृश्य : प्रयोगशाळा. हाडाचा चुरा भरलेली नळी.]

2025 मध्ये 26 साओलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नमुने आले ते बरेचसे शिकाऱ्यांच्या घरी जपलेल्या अवशेषांतून. त्यातून कळलं, की साओलांचे दोन गट हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झाले. एकानं जे जनुकीय वैविध्य गमावलं, ते दुसऱ्याकडे शिल्लक आहे. दोन्हींतले प्राणी एकत्र आणून पिल्लं वाढवली, तर जात तगू शकेल.

आतापर्यंत पकडलेला एकही साओला पिंजऱ्यात फार काळ जगलेला नाही. तरीही बाख मा राष्ट्रीय उद्यानात प्रजनन केंद्राची योजना आहे. तिथं आणायची जनावरं मात्र अजून सापडायची आहेत.

[दृश्य : पहाट. पथक डोंगर चढतं आहे. हातात जळवांसाठी रिकाम्या बाटल्या.]